रिकाम्या बॉयलरमधली ठकठक

आंबेखिंड नावाच्या गावात एक इंजीन होते. विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडलेले, जहाजातून आलेले, कोळशावर चालणारे. पूर्वी ते जंगलातून लाकडांनी भरलेले डबे ओढत असे. पुढे जंगलतोड थांबली, रूळ गवतात बुडाले आणि इंजीन आपल्या शेडमध्ये गंजत उभे राहिले. गावकरी त्याला म्हातारी म्हणत.

या म्हातारीला पुन्हा चालती करायचे साखळकर मास्तरांनी मनावर घेतले. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. हयातभर त्यांनी गावाला एक गोष्ट सांगितली होती, की भूत नसते. एकदा भगताने त्यांच्या दारात मंतरलेले लिंबू टाकले, तर मास्तरांनी त्याचे सरबत करून चारचौघांत पिऊन दाखवले. तेव्हापासून त्यांच्यासमोर कोणी भुताचे नाव काढत नसे.

त्यांच्या जोडीला इब्राहिमचाचा होते. रेल्वेतले जुने ड्रायव्हर. सगळी उमर इंजिनावर गेल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेलेले. दोघांनी मिळून म्हातारीचा गंज काढला, आतल्या नळ्या बदलल्या, तिला काळाभोर रंग दिला. पावसाळ्याआधी बॉयलरची बाहेरून तपासणी झाली, दोन-तीनदा विस्तव पेटवून कमी वाफेवर तिला शेडच्या आसपास फिरवूनही पाहिले. दसऱ्याला गाडी सुटणार आणि पहिल्या फेरीत शाळेची मुले बसणार, असे ठरले.

दसरा जवळ आला असताना एका दुपारी मास्तर शेडमध्ये एकटेच पितळ घासत होते. धूळ येऊ नये म्हणून दाराला आतून कडी होती. बाहेर वारा पडलेला. तेवढ्यात इंजिनाच्या पोटातून आवाज आला.

ठक ठक.

मास्तरांनी हात थांबवला. थोड्या वेळाने पुन्हा, ठक ठक. आवाज भट्टीच्या डाव्या बाजूने येत होता, माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून.

‘उन्हाने लोखंड प्रसरण पावते,’ मास्तर स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी हातोडी घेतली आणि पुढच्या चाकाजवळ बॉयलरवर ठोकून पाहिले. उत्तर आले नाही. मधोमध ठोकले. काही नाही. भट्टीच्या डाव्या बाजूला ठोकले, तर आतून लगेच दोन ठोके आले.

मास्तर शिडीने वर चढले. त्यांनी बॉयलरच्या पाठीवरचे गोल झाकण उघडले, आत डोके घातले आणि बॅटरीचा उजेड फिरवला. आत नळ्या होत्या, अंधार होता आणि ओल्या लोखंडाचा वास होता. मांजरसुद्धा नव्हते.

आणि मग ठकठक पुन्हा झाली. या वेळी ती आतून आली नाही. बाहेरून आली. मास्तर मघाशी जिथे उभे होते, तिथून.

त्यांनी घाईने डोके बाहेर काढले. शेडमध्ये कोणी नव्हते. दाराची कडी तशीच होती. भट्टीच्या डाव्या बाजूला मात्र जमिनीवर नव्या काळ्या रंगाच्या खपल्या पडल्या होत्या.

संध्याकाळी मास्तरांनी इब्राहिमचाचांना ती जागा दाखवली. आवाज येतच होता. चाचांना तो ऐकू जाणे शक्य नव्हते. त्यांनी नुसता तळहात पत्र्यावर टेकवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

“बॉयलर थंड आहे ना, मास्तर?”

“पावसाळ्याआधीपासून थंड आहे,” मास्तर त्यांच्या कानाशी ओरडले.

“मग आत कोण आहे?”

चाचा हळू आवाजात सांगू लागले, “पूर्वी आत माणूस उतरायचा. पोलाद कुठं थकलंय ते हातोडीनं ठोकून बघायचा. थकलेली जागा सापडली की दोन ठोके द्यायचा. बाहेरच्या माणसानं दोन ठोक्यांनी जबाब द्यायचा आणि तिथं खडूनं खूण करायची. खूण झाली की आतला थांबायचा.”

“पोलादावरचा पत्रा काढून बघू या,” असे मास्तरांच्या ओठांवर आले होते. पण पत्रा काढला तर रंग जाणार, दसरा हुकणार आणि लोक कारण विचारणार. काय सांगायचे? साखळकर मास्तरांनी रिकाम्या बॉयलरमध्ये कोणीतरी ठोकताना ऐकले?

“लोखंडच ते. वाजतं कधीकधी,” मास्तर म्हणाले.

चाचा हात पुसत घरी गेले.

त्यानंतर मास्तरांना अन्न गोड लागेना. ठकठक रोज चालू होती. दुपारच्या शांततेत ती शेडच्या बाहेर चिंचेखालीही ऐकू येई, पण तिथून जाणारी माणसे मान वर करत नसत. ती ऐकायला आपण एकटेच आहोत, हे मास्तरांच्या हळूहळू लक्षात आले.

दसरा उजाडला. सकाळीच भट्टी पेटली, म्हातारीने वाफ धरली. इंजिनाला झेंडूची तोरणे बांधली होती. डबे मुलांनी भरले, पालक रुळांच्या कडेला उभे राहिले. सरपंच अनसूयाताई खोत हिरवे निशाण घेऊन तयार होत्या. इंजिनावर चाचांचा हात दांड्यावर होता, शेजारी मास्तर उभे होते.

“सोडू?” त्यांनी विचारले.

मास्तरांनी कान दिला. वाफ फुसफुसत होती, मुले ओरडत होती, ढोल वाजत होते. पण ती ठकठक मात्र थांबली होती. इतके दिवस जो आवाज कधी थांबला नव्हता, तो वाफ धरताच बंद झाला होता. खडूची खूण तर कोणीच केली नव्हती. त्यांना वाटले, आत जो कोणी होता, तो आता निघून गेला आहे.

मास्तर खाली उतरले.

“मुलांना उतरवा,” ते म्हणाले. “लांब न्या सगळ्यांना. विस्तव काढायचा आहे. गाडी सुटणार नाही.”

अनसूयाताई पुढे आल्या. “मास्तर, गावोगावचे पाहुणे आलेत. लोकांना सांगू काय?”

खोटे कारण सांगणे सोपे होते. पंप बिघडला म्हटले असते, तर कोणी अवाक्षर काढले नसते. पण मग दुपारपर्यंत पंप दुरुस्त करा म्हणाले असते आणि गाडी सुटली असती. मास्तर मोठ्याने बोलू लागले.

“बॉयलर थंड आणि रिकामा असताना आतून ठोकल्याचा आवाज येत होता. भट्टीच्या डाव्या बाजूला. मी रोज ऐकला आणि लाजेपोटी लपवला. आवाज कोणाचा, ते मला माहीत नाही. पण ती जागा तपासल्याशिवाय मी या गाडीत मुलं बसू देणार नाही.”

मग मागून कोणीतरी ओरडले, “मास्तर, लिंबू आणू का?”

सगळी गर्दी हसली. ज्यांना मास्तरांनी भीती सोडायला शिकवले होते, तेच मोठमोठ्याने हसत होते. मास्तर मान खाली घालून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. चाचांनी मुकाट्याने भट्टीतला विस्तव ओढून काढला. मुले रडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी थंड झाल्यावर दोघांनी वरचा पत्रा काढला. खालचे पोलाद दिसायला धडधाकट होते. मग त्यांनी पाण्याची परीक्षा घ्यायचे ठरवले. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा आणि पंपाने दाब चढवायचा. पोलाद फाटले तर नुसते पाणी उडते. तेच वाफेने फाटले, तर बॉयलर तोफेसारखा फुटतो.

बघायला अनसूयाताई आणि गावातली चार माणसे आली होती. चाचा पंप मारू लागले. काटा चढत गेला. भरलेले डबे खिंडीच्या चढावर ओढायला जेवढा दाब लागतो, तिथवर काटा पोचलाही नव्हता आणि भट्टीच्या डाव्या बाजूचे सांध्याचे रिव्हेट खिळे करकरले. सांधा हातभर उकलला. पाण्याची चिळकांडी सरळ मास्तरांच्या छातीवर बसली आणि ते मागे कोसळले.

उठून त्यांनी त्या फटीत बोट घातले. पोलाद आतून झिजून पत्रावळीच्या पानाएवढे पातळ उरले होते. अनसूयाताईंनी तोंडावर पदर धरला. त्यांची नात पहिल्याच डब्यात बसली होती.

बातमी गावभर झाली. संध्याकाळी तीच माणसे नारळ, हळदकुंकू आणि काळी बाहुली घेऊन शेडशी आली. “आत कोणीतरी आहे. त्याला मान द्यायला हवा,” ती म्हणू लागली. काल ‘लिंबू आणू का’ म्हणणारा सर्वांत पुढे होता.

मास्तर दारात आडवे उभे राहिले. “बाहुली नको. काल तुम्ही न ऐकता हसलात, आज न बघता हात जोडताय. मला जे ऐकू आलं ते मी सांगितलं. ते काय होतं हे मला कळलेलं नाही. कळलं नाही, एवढंच खरं. त्यात भर घालू नका.”

पुढे नवे पोलाद बसवले. थंडी सरता सरता म्हातारी शिट्टी देत खिंडीपर्यंत जाऊन आली आणि मुलांनी खिडक्यांतून हात हलवले. ठकठक मास्तरांना पुन्हा ऐकू आली नाही. तरीही भट्टी पेटवण्याआधी मास्तर थंड पोलादाला कान लावून थोडा वेळ उभे राहत.

“आता कशाला ऐकता, मास्तर? आता तर कोणी नाही आत,” अनसूयाताईंनी एकदा विचारले.

“नसेलही,” मास्तर म्हणाले. “पण कोणी काही सांगत असेल, तर ऐकायला बाहेर माणूस असावा.”

तात्पर्य इतकेच: इशारा कोणी दिला हे कळले नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. आपले नाव राखायला जो कान झाकतो, तो दुसऱ्याचा जीव पणाला लावतो. आणि ‘मला माहीत नाही’ असे चारचौघांत म्हणायला जो लाजत नाही, त्याच्याच हातून माणसे वाचतात.