दाराबाहेरचं वाक्य

"पण बाई, जे अजून घडू शकतं, त्याच्यासाठीच हे 'इफ'चं वाक्य ना?" निगुडकरांनी विचारलं.

"त्याच्यासाठीच," ओगलेबाई म्हणाल्या. "'इफ'बरोबर येते ती अट. उरलेला अर्धा भाग म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. तिथे 'विल'."

भास्करराव निगुडकर म्हणजे निवृत्त तहसीलदार. उतारवयात ओगलेबाईंच्या घरी इंग्रजी शिकायला आले, कारण इंग्लंडात, लीड्सला राहणाऱ्या नातीला मराठी येत नव्हतं. नातीची आई, म्हणजे त्यांची रेवती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, आणि साहेबांनी तिला घराचं दार बंद केलं.

बाईंकडे फळा नव्हता. वाक्य म्हणायचं आणि तिथल्या तिथे करून दाखवायचं, ही त्यांची रीत. 'चहा उकळला तर मी गॅस बंद करीन' असं इंग्रजीत म्हटलं, की मुकाट्याने ओट्यापाशी जाऊन उभं राहायचं. जन्मभर दुसऱ्यांना उभं करणाऱ्या माणसाला हे पोरकट वाटे. पण पहिला नंबर सोडायची सवय नव्हती, म्हणून उभे राहत.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, आज वाक्य तुमचं.

निगुडकर जराही अडखळले नाहीत. "इफ रेवती सेज सॉरी, आय विल ओपन द डोअर."

रेवतीने माफी मागितली, तर मी दार उघडीन.

"चूक?" त्यांनी ऐटीत विचारलं.

"एकही नाही... चला, करून दाखवा. तुम्ही रेवती."

त्यांना बाहेर पाठवून बाईंनी आतून कडी घातली.

अंगणात ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घालत होतं, ते बघेल म्हणून साहेब संकोचले. मग हळूच म्हणाले, "सॉरी."

दार उघडलं नाही.

"सॉरी, बाई." त्यांनी कडी वाजवली. "अटीची पूर्तता झालीय. आता उघडायला हवं."

आतून बाईंचा आवाज आला. "तिने कधी म्हटलं होतं का?"

"तिची आई गेली, तेव्हा," निगुडकर म्हणाले. "आली होती. दाराशी उभी राहून म्हणाली."

"मग?"

"मी आत खुर्चीत होतो... ऐकत होतो."

त्यांचे गुडघे दुखू लागले होते. त्यांनी दारावर कपाळ टेकलं. असं कपाळ टेकून तीही उभी राहिली असेल, हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि त्यांना रडू आवरेना.

"आता ती माझा फोनसुद्धा उचलत नाही, बाई. कोण येणार, आणि कोणासाठी उघडू?"

बऱ्याच वेळाने कडी निघाली. बाईंनी दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या, निगुडकरांकडे न बघताच मागे फिरल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

निगुडकर उंबऱ्यातच थांबले. आत यावं की घरी जावं, ते त्यांना कळेना. शेवटी सवयीने त्यांनी वाक्याला सुरुवात केली.

"इफ..."

बाईंनी हात वर केला.

"'इफ' राहू द्या, निगुडकर. उरलेलं म्हणा."