राही म्हातारीची चांदणी

ऐका. फार फार वर्षांपूर्वी, उंबरदऱ्याच्या विहिरीला अजून दगडी काठही नव्हता, तेव्हा त्या गावात राही नावाची एक म्हातारी राहायची. तिचं काम वाकळा शिवायचं. जुनी लुगडी, फाटकी धोतरं एकावर एक अंथरायची आणि दोरा घालत बसायची. वाकळा काय, घरोघरी बाया शिवत. पण राहीच्या वाकळेच्या मधोमध एक चांदणी असायची. आठ टाके आठ दिशांनी यायचे आणि मधल्या एकाच भोकात उतरायचे. त्या चांदणीखाली रडकं पोर झोपायचं, तापाने फणफणलेला माणूस झोपायचा, भांडून आलेली नवराबायकोसुद्धा झोपायची, असं म्हणतात.

झोपायची नाही ती एकटी राही. आज या गावचं पोर किरकिरं, उद्या त्या गावची बाळंतीण जागी. तिला नाही म्हणता यायचं नाही, आणि बाई गं, तुझा डोळा कधी लागतो, हे विचारायचं कुणाला सुचायचं नाही. तिचे डोळे कोरडे पडले, बोटं वाळक्या शेंगांसारखी झाली. इतकी दमली, की दमण्याचाही तिला कंटाळा आला. कुणीतरी ही चांदणी शिकावं आणि आपण सुई खाली ठेवावी, एवढंच तिला हवं होतं.

शिकायला बाया यायच्या की. पण दुरून डोंगर साजरे! उंबरदऱ्यातल्या बायांना लहानपणापासून एकच शिकवण, घट्ट ओढला तोच टाका टिकला. दोरा ओढायची अशी सवय, की हात ऐकायचाच नाही. सहा टाके नीट जायचे, सातवा जायचा, आठव्याला दोरा कचकन ओढला जायचा आणि वापरून विरलेलं लुगडं मधोमध टरकायचं. चांदणीच्या जागी भोक. राही म्हणायची, "सैल सोड गं, सैल." बाई मान डोलवायची आणि पुन्हा ओढायची. शेवटी रडत घरी जायची, आणि फाटलेलं सांधायला राही बसायची.

अशात एक दिवस अनसा आली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. वर्षानुवर्षं तिच्या उशाशी जागून अनसाचं नुसतं चिपाड झालं होतं. गावात तिला नावं ठेवत, हिच्या हातात दम नाही, हिने थापलेली भाकरीसुद्धा तव्याआधी मोडते.

"आजे," ती म्हणाली, "माझ्या सासूच्या डोळ्याला डोळा न्हाई. येक वाकळ दे."

"माझं हात गेलं बाई," राही म्हणाली. "तूच घाल. म्या सांगते."

अनसा बसली. तिच्यात दोरा ओढायचंही त्राण नव्हतं. सुई घालायची, दोरा जाईल तेवढा जाऊ द्यायची. मध्येच डुलकी यायची, हात तसाच थांबायचा. सातवा टाका गेला. आठवा गेला. कापड टरकलं नाही.

राहीने चांदणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बसली गं." आणि तिथेच, त्याच अर्ध्या वाकळेखाली आडवी झाली.

असं म्हणतात, त्या घटकेला तिकडे अनसाची सासूही घोरायला लागली. गावात जातं थांबलं, कावळे कौलांवर बसले पण ओरडले नाहीत, आणि विहिरीत पोहरा सोडला तरी पाणी वाजलं नाही. राहीला कुणी उठवलं नाही. उठवायची कुणाची छाती होती? सगळ्यांनी आजवरची आपली झोप मोजली आणि माना खाली घातल्या. अनसा मात्र तिच्या पायाशी बसून वाकळ पुरी करत राहिली.

अजूनही उंबरदऱ्यात एखाद्या पोरीची पहिली चांदणी न फाटता बसली, की त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला त्या दिवशी चुलीजवळ फिरकू देत नाहीत. ती चांदणी तिच्या अंगावर घालतात. बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबतात, पोरांना शेतात पिटाळतात. आणि राही कधी मेली, असं परक्या माणसाने विचारलं, तर तिथल्या बाया ओठांवर बोट ठेवतात.

"हळू बोला," म्हणतात. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."