एका दमात सांगितलेला नियम

फार पूर्वी, डोंगर अजून आपापली बसायची जागा शोधत होते त्या काळी, एक राक्षस पालथा झोपला तो झोपलाच. त्याच्या पाठीवर माती साचली, मातीत गवत आलं, गवतामागून गुरं आली आणि गुरांमागून माणसं. होता होता चार गावं वसली. खांद्यावर खांदेवाडी, पाठीवर पाठगाव, कमरेवर कंबरपूर आणि पार खाली टाचेवर टाचेगाव.

राक्षस चांगला होता की वाईट, कुणालाच माहीत नव्हतं. त्याने रागावून उठायचीही गरज नव्हती म्हणा. झोपेत नुसती कूस बदलली असती, तरी चारही गावं गुराढोरांसकट, पाळण्यातल्या पोरांसकट मातीखाली गेली असती. लोकांना हे ठाऊक होतं. पण रोज उठून त्याचा विचार कोण करतो?

राक्षस श्वास घेई तेव्हा जमीन हळूहळू वर जाई, सोडी तेव्हा हळूहळू खाली येई. या एका चढउताराला लोक 'दम' म्हणत. जमीन वर निघाली की बायका भात चुलीवर ठेवत आणि जमीन टेकली की उतरवत. टाचेगावात मात्र हा दम पोचायचा नाही. त्यामुळे तिथले लोक खुशाल म्हणत, की राक्षसबिक्षस सगळ्या थापा आहेत.

त्या मुलखात थंडी फार. आणि राक्षसाचं अंग गरम. कुणीतरी एकदा गिरमिटाने जमिनीला भोक पाडलं, तर आतून कोमट, दाट रस वर आला. त्याला लोक ऊब म्हणू लागले. उबेवर चुली पेटल्या, घरं गरम झाली, थंडीत खोकून मरणारी लेकरं जगू लागली. ऊब वाईट होती असं कोण म्हणेल? पण भोक जितकं खोल, तितकी ऊब जास्त. खांदेवाडीने एक हात खाली नेलं की पाठगाव दोन हात नेई, मग कंबरपूरला गप्प बसवेना. सगळ्यांची भोकं बारा हातांवर पोचली, तेव्हा एके दिवशी जमीन शहारली. दोन भिंती पडल्या, एक गोठा बसला. लोक घाबरले आणि आपसूक बाराच हातांवर थांबले. पण नजर एकमेकांच्या गिरमिटावर होती.

पाठगावात सगुणा नावाची एक बाई राहायची. तिने आणि तिच्या भावाने, केरोबाने, एकच काम धरलं होतं. गावोगाव जायचं, पाटलांच्या ओसरीवर बसायचं आणि म्हणायचं, "चौघं मिळून काहीतरी नियम करा. एकटं कुणीच थांबणार नाही." लोक तिला विनवणीबाई म्हणून चिडवत. कुणी ताक देई, कुणी नुसतंच "बघू" म्हणे. टाचेगावात तर कुत्री सोडत. तरी दोघं जात राहिली, आणि शेवटी एकदाची चार गावांची सभा ठरली.

आता या सभेची एक रीत होती. नवा नियम मागणाऱ्याला एक दम मिळे. त्याने एका दमात काय ते सांगायचं, श्वास संपला की बोलणं संपलं. रीत तशी शहाणपणाची होती. नियम पुढे दवंडीवाल्याला गावोगाव ओरडून सांगायचा असे, आणि लांबलचक दवंडी लोक अर्धीच ऐकतात.

सभेला निघताना सगुणा वाटेवर तालीम करत होती. "राक्षस किती खोलीवर कूस बदलेल ते आम्हाला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही, म्हणून चारही गावांनी एकमेकांना विचारल्याशिवाय, आणि आधी जमिनीचा कानोसा घेतल्याशिवाय..." इथे तिचा श्वास संपे. पुन्हा सुरुवात करी, पुन्हा तिथेच अडके.

केरोबा वैतागला. "ताई, 'ठाऊक नाही' म्हटलंस की खांदेवाडीचे पाटील तिथेच हसतील. त्यांना आकडा दे. वीस हातांखाली खणलं तर राक्षस कूस बदलेल. बस्स."

"वीसच का रे?"

"अगं, सरळ आकडा बरा वाटतो. कानाला गोड लागतो. बारावरून वीसवर कोण जातंय लगेच?"

सगुणाला ते पटलं नाही. पण इतकी वर्षं उंबरे झिजवून मिळालेली सभा होती. सभेत उभी राहिली तेव्हा चार पाटील, मागे माणसंच माणसं, आणि छातीत मावेल एवढाच श्वास. तिने तो घेतला आणि म्हणाली, "वीस हातांखाली खणलं तर राक्षस कूस बदलेल. वीस हातांखाली कुणी जाऊ नये!"

सभा डोलली. इतका सुटसुटीत नियम कुणी ऐकलाच नव्हता. दवंडी फिरली, दोघांच्या गळ्यात हार पडले, टाचेगावानेसुद्धा कुत्री बांधून ठेवली. त्या संध्याकाळी केरोबाने बहिणीला गूळ भरवला आणि दोघं पोटभर हसली. तेवढा आनंद त्यांना खरंच झाला होता.

पुढच्या आठवड्यात सगुणा खांदेवाडीला गेली, तर गिरमिटं धडाक्यात चाललेली. "पाटील, हे काय? तुम्ही तर बारावर थांबला होता!"

पाटील हसून म्हणाले, "थांबलो हुतो, कारन भ्या वाटत हुतं. आता कसलं भ्या? ईसपत्तुर बिनघोर जावा, आसं तूच सांगितलंस की."

"मी वीसच्या खाली जाऊ नका म्हणाले!"

"आन आमी कुटं जातूय? सतरावर हाय. नेमातच हाय आमी."

पाठगावात तेच, कंबरपुरात तेच. जिथे भीतीने माणसं थांबली होती, तिथे आता नियमाने चालली होती. जमीन दिवसाआड शहारू लागली. भिंतींना भेगा गेल्या. लोक लिंपून घेत आणि म्हणत, वीस व्हायचेत अजून.

सगुणा घरी येऊन भावाला म्हणाली, "सभा बोलवायची. तो आकडा मी मनाने सांगितला, हे कबूल करायचं."

केरोबाचा चेहरा उतरला. "ताई, असं म्हणालीस तर उद्यापासून कुणी आपल्याला ओसरीवर चढू देणार नाही. इतक्या वर्षांची पत जाईल. त्यापेक्षा म्हण ना, नव्याने कळलंय, पंधराच हात बरे."

"आणि पंधरा कुठून आणू? वीस आणला तिथूनच?"

केरोबाने वहाणा घातल्या आणि तो सभेचा निरोप द्यायला निघाला.

सभा भरली. सभेनंतरच्या जेवणासाठी मैदानाच्या कडेला भाताची मोठी पातेली रचून ठेवली होती. खांदेवाडीचे पाटील उशिरा आले, घाईतच होते. त्यांचं गिरमिट एकोणीस हातांवर होतं आणि मैदानालगतच्या चढावर काम सुरूच होतं.

सगुणा उभी राहिली. "वीस हा आकडा माझा आहे, राक्षसाचा नाही. तो किती खोलीवर कूस बदलेल ते मला ठाऊक नाही."

मग जो गलका उठला, तो विचारू नका. कुणी म्हणालं खोटारडी, कुणी म्हणालं हिला टाचेगावाने फितवलं. टाचेगावचे लोक तर खूश होऊन मांड्या थोपटू लागले. "बघा! आम्ही म्हणतच होतो, राक्षसबिक्षस काही नाही!"

खांदेवाडीचे पाटील उठले. "आकडा न्हाई तर नेम न्हाई. झाला तुजा दम, विनवनीबाई. बस खाली."

"माझा झाला," सगुणा म्हणाली. "पण रीत काय आहे, पाटील? मागणाऱ्याला एक दम. कुणाचा, ते कधी कुणी म्हटलंय? मी त्याचा मागते." आणि तिने पायाखाली बोट दाखवलं.

लोक हसले. पण कंबरपूरच्या म्हाताऱ्या पाटलीणबाई हसल्या नाहीत. "रीतीत बसतंय तिचं. द्या तिला. तवर भातबी शिजंल," त्या म्हणाल्या. जमीन वर निघायला लागली, तशी त्यांनी पातेली चुलीवर चढवायला सांगितली आणि सगुणा बोलू लागली.

या खेपेला तिला घाई नव्हती. एका भातापुरता वेळ होता. तिने सगळं क्रमाने मांडायचं ठरवलं होतं. पहिलं भोक, जगलेली लेकरं, पहिला शहारा, मग एकमेकांना बघून चाललेली चढाओढ, मग आपली चूक, आणि शेवटी काय करायचं ते. ती लेकरांबद्दल बोलली. शहाऱ्याबद्दल बोलू लागली. पडलेल्या गोठ्यापाशी आली असेल नसेल, तोच जमीन टेकली.

सगुणा वाक्याच्या मधेच थांबली. "माझं अजून निम्मंही झालं नाही," ती हळूच म्हणाली.

पाटलीणबाई उठल्या. पातेल्याचं झाकण काढून त्यांनी एक शीत उचललं, बोटांत दाबलं. कच्चं होतं, अगदी टणक. त्यांनी ते खांदेवाडीच्या पाटलांच्या तळहातावर ठेवलं.

"माजी सासू एका दमात भात करायची," त्या म्हणाल्या. "मला हल्ली तीन लागत्यात. मला वाटायचं तांदूळच वंगाळ येतोय. सुनंला बोल लावत हुते मी."

मागच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीने कुणाला ना कुणाला बोल लावला होता. तांदळाला, पाण्याला, चुलीला, सुनेला. दम आखूड झालाय हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गाढ झोपलेला माणूस लांब श्वास घेतो आणि जागा व्हायला आलेला आखूड, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

आणि तेव्हाच मैदान कलायला लागलं.

शहारा नव्हता हा. डावीकडची जमीन सावकाश वर येऊ लागली, निजलेला माणूस कुशीवर वळण्याआधी खांदा उचलतो तशी. पातेली घरंगळली. आयांनी पोरं छातीशी धरली. टाचेगावचे कारभारी गवत मुठीत धरून "आई गं" म्हणत पालथे पडले.

"पाटील, गिरमिट!" सगुणा ओरडली.

पाटील कुणाला सांगायला थांबले नाहीत. स्वतःच चढावरून धावत सुटले, पागोटं वाटेत पडलं, एक वहाण निसटली. त्यांची आरोळी सगळ्या मैदानाला ऐकू आली. "थांबवा! उपसून काडा ते भाईर!"

जमीन वर येतच राहिली. मग थांबली. केरोबाने बहिणीचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. सगळी माणसं तशीच कलती, श्वास रोखून. आणि खालून एक भलामोठा सुस्कारा आला, आणि डावी बाजू हळूहळू, फार हळूहळू, पुन्हा जागेवर बसली.

गिरमिट उपसल्यामुळे राक्षस शांत झाला, की त्याचं त्यालाच पुन्हा झोप लागली, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मात्र त्याच दिवशी चारही गावांनी आपली भोकं बारा हातांपर्यंत बुजवली, आणि सभेने नवा नियम केला. गिरमिट एक वीतही खाली न्यायचं असेल, तर आधी चारही पाटलांनी एकत्र बसून भात चुलीवर ठेवायचा. एका दमात शिजला, तरच पुढचं बोलणं. भात कच्चा राहिला, तर भोकं आणखी बुजवायची. या नियमाची दवंडी एका दमात मावेना, म्हणून दवंडीवाल्याला मधे दोनदा थांबून सांगायची परवानगी मिळाली.

पहिली काही वर्षं भात कच्चाच राहिला. ऊब कमी झाली, हिवाळे जड गेले, आणि लोकांनी त्याचं खापर सगुणावर फोडलं. सभेत तिला पुन्हा कधी बोलू दिलं नाही. पुढे केरोबा बोलायचा आणि ती मागे बसून ऐकायची. तिला ते लागायचं, नाही असं नाही. पण चुलीवरचा भात दरवर्षी थोडा थोडा मऊ होत गेला.

ती अगदी म्हातारी झाली तेव्हा गावातली पोरं तिच्याभोवती जमून विचारत, "आजी, तेव्हा गिरमिट थांबलं नसतं, तर तो खरंच वळला असता का गं?"

सगुणा जमिनीवर हात ठेवी. जमीन सावकाश वर जाई, सावकाश खाली येई. ती पूर्ण टेकेपर्यंत म्हातारी काही बोलत नसे.

मग म्हणे, "ठाऊक नाही रे, बाळांनो."

तात्पर्य: संकट कुठे उभं आहे हे ठाऊक नसेल, तर 'ठाऊक नाही' असंच सांगावं, मनाने आखलेल्या रेघेपर्यंत लोक बिनघोर चालत जातात.