कोपरामागची गाठ

त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं, की घाटाच्या पायथ्याची झाडं नुसत्या बुंध्यापुरती उरली होती. वारा नव्हता, पाखरांचा आवाज नव्हता. अशा त्या सकाळी एक शिष्य आपल्या घोडीला खरारा करत होता, आणि करता करता त्याचा हात एकाएकी थांबला.

पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथून खोगिराचा तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा जातो, तिथे कातडीखाली गाठ लागली. सुपारीएवढी. त्याने पलीकडच्या अंगाला हात नेला. तिथेही होती.

हा शिष्य एका वृद्ध चाबुकस्वाराकडे घोड्यांची विद्या शिकत होता. वाटसरूंना घाट चढवून न्यावं आणि त्यावर घर चालवावं, हा त्याचा क्रम. पाखरी ही त्याची एकुलती एक घोडी.

त्याचा शेजारी कुडापाशी आला. गाठ पाहिली तसा मागे सरला.

"माझ्या आज्याच्या काळी अशाच गाठी आल्या होत्या. आधी एका जनावराला, मग सगळ्या आळीला. दावणी रिकाम्या झाल्या."

"तशाच कशावरून म्हणता?"

"तू काय वैद्य लागून गेलास? माझीही जनावरं इथंच बांधलीत. दिवस मावळायच्या आत हिला रानात सोड. नाहीतर मी सोडीन, मग भांडायला येऊ नकोस."

रानात बिबट्या होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुखरं जनावर आणायचं तर त्याचं सामानही सोबत आणायचं, असा गुरूंचा नियम होता. म्हणून खोगीर खांद्यावर घेऊन, पाखरीला हाताने धरून शिष्य गुरूंकडे निघाला. धुक्यात तिचा श्वास कानाशी ऐकू येत होता. प्रत्येक श्वास त्याला शेवटचा वाटत होता.

वृद्धाने घोडीच्या नाकपुड्या पाहिल्या, गळा चाचपला, गाठीवर अंगठा टेकवला. पाखरीने कान मागे टाकले.

"रोज बांधतोस तसं खोगीर बांध," तो म्हणाला.

शिष्याने तंग ओढला. पाखरीने पोट फुगवून श्वास कोंडला. तिने तो सोडायची वाट पाहून त्याने आणखी ओढला, आणि मग पुन्हा ओढला.

"एवढं कशाला रे?"

"मागल्या वर्षी वळणावर खोगीर फिरलं, बाबा. कड्याच्या अंगाला लोंबत होतो. खाली जे दिसलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही."

वृद्धाने तंग सोडला आणि बाजूला ठेवून दिला.

"आता बस."

"तंगाशिवाय?"

"ओट्यावरून बस. घोडी मी धरतो. इथं कडा नाही, माझं अंगण आहे. पडलास तर शेणात पडशील."

शिष्य ओट्यावर चढला. तो बसला. घोडी ओट्यापासून जराशी हलली, तोच खोगीर खांद्यांकडे सरकलं, कललं, आणि शिष्य खाली आला. वृद्ध हसला नाही. आत जाऊन त्याने एक जुनं, ठिगळांचं खोगीर आणलं, पाखरीच्या पाठीवर तंगाशिवायच ठेवलं आणि म्हणाला, "पुन्हा बस."

शिष्य बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पाखरी हळूहळू अंगणाला फेरी घालून आली. खोगीर ठेवलं होतं तिथेच होतं.

"तुझं खोगीर कुणाचं?" वृद्धाने विचारलं.

"आधीच्या घोड्याचं."

"तो पाठीने रुंद होता. ही अरुंद आहे. ते हिला बसतच नाही, म्हणून पुढे सरकतं, आणि तंगाला कोपराच्या खोबणीत ओढून नेतं. तिथे घाम आणि माती वाळते, कातडी चिमटते. तू पडायला भितोस म्हणून आवळतोस. ती आवळण्याला भिते म्हणून फुगते. ती फुगली की तू पुन्हा आवळतोस. बाळा, या गाठी तुझ्या भयाच्या आहेत. उठल्या मात्र तिच्या अंगावर. जे मुळात जुळत नाही, ते आवळून जुळत नसतं."

"मग रोग नाही ना?"

"मला तसा दिसत नाही. पण शपथ घेणार नाही. गाठी विरेपर्यंत खोगीर घालू नकोस. कोमट मिठाच्या पाण्याने शेक दे, तंग धुऊन मऊ कर. विरल्या नाहीत तर वैद्याला बोलाव. भीती वाटेल, वाटू दे. त्या भीतीच्या हातात पट्टा तेवढा देऊ नकोस."

दिवस मावळायच्या आत शिष्य परतला. शेजारी काठी घेऊन उभाच होता. शिष्याने वाद घातला नाही. पाखरीला घेऊन तो ओढ्यापलीकडे गेला, एक खोपट उभारलं आणि तिथेच राहू लागला. रोज सकाळी शेक देऊन तो भीतभीतच कोपरामागे हात नेई. एके दिवशी गाठ वाटाण्याएवढी लागली. पुढे पुढे ती शोधावी लागे. मग शोधूनही सापडेना. तो गुरूंचं जुनं खोगीर मागून घेऊन आला. तंग बांधला, पट्ट्याखाली बोटं सहज शिरतात हे पाहिलं, आणि पाखरीचे पुढचे पाय एकेक करून पुढे ओढले, पट्ट्याखालची कातडी मोकळी व्हावी म्हणून. या खेपेस पाखरीने श्वास कोंडला नाही.

तेवढ्यात ओढ्यात पाणी वाजलं. शेजारी आपल्या घोड्याला धरून उभा होता. आज त्याच्या हातात काठी नव्हती. खाली पाहतच तो हळू आवाजात म्हणाला,

"याच्या कोपरामागं जरा हात लावून बघतोस का? मला भीती वाटते, म्हणून मी कधी बघितलंच नाही."