पाटलीणबाईंचं कोठार

आधीच सांगते, मला करारातलं ओ की ठो कळत नाही. माझी धाकटी जाऊ बांधकामाच्या साइटवर इंजिनीअर आहे. परवा जेवताना ती सांगत होती की करार दोन तऱ्हेचे असतात, एक जुन्या पद्धतीचा आणि एक मिळून करायचा. मी इतक्या जोरजोरात मान हलवली की तिला वाटलं मला कळलं. वर मीच म्हणाले, "अगं, यावर मुलांसाठी छान बोधकथा होईल!" माझा मूर्खपणा हा असा, स्वतःहून चालत येणारा. आता लिहायला बसलेय. जमेल तसं सांगते.

तर, काळ्या मातीचं एक गाव होतं आणि त्या गावाचा कारभार एक पाटलीणबाई बघायच्या. गावाला बियाणं ठेवायला चांगली जागा नव्हती. घरोघरी कणग्यांमध्ये ठेवलेलं बी कधी उंदीर खायचे, कधी ओल. म्हणून बाईंनी ठरवलं, सगळ्या गावाचं मिळून एक कोठार बांधायचं.

त्या गावात काम ठरवायची एक रीत होती. कागद नाही, काही नाही. मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायच्या आणि प्रत्येकाला आपापल्या रेघेत उभं करायचं. एकीत पाया खोदणारा, दुसरीत गवंडी, तिसरीत सुतार. पाटलीणबाई समोर, ओट्यावर.

"पुरुषभर खोल खड्डा," बाई खोदणाऱ्याला म्हणाल्या. "त्यावर भिंत," गवंड्याला म्हणाल्या. "भिंतीला दार, वर छप्पर," सुताराला म्हणाल्या. "आणि दुसऱ्याच्या रेघेत पाय घालायचा नाही. तोंड तर मुळीच घालायचं नाही. जो घालेल, त्याने गावजेवण घालायचं."

खोदणारा मोठा बडबड्या होता. त्याने खड्डा पुरुषभर खणला. तळाशी अजून काळी मातीच होती. आता काळ्या मातीवर घर उभं राहत नाही, पावसात ती फुगते आणि उन्हात तडकते, हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खाली कडक मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. खोदणाऱ्याने तोंड उघडलं. मग त्याला गावजेवण आठवलं. त्याने तोंड मिटलं. बिचाऱ्याला दिवसभर उचकी लागली म्हणतात.

गवंड्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. "खड्डा त्याचा," तो स्वतःशीच म्हणाला आणि भिंत चढवायला लागला. सुताराने दार बसवलं तर ते अडकत होतं, कारण भिंत आताच कलायला लागली होती. "भिंत त्याची," सुतार म्हणाला आणि त्याने दार थोडं रंधून घेतलं.

कोठार उभं राहिलं. सुरेख दिसत होतं. बी आत गेलं, पाऊस आला, माती फुगली, भिंत फाटली आणि पेरायच्या आधीच बियाण्याला आतल्या आत मोड आले.

शेजारच्या गावाने उसनं बी दिलं, पण बजावून सांगितलं, "एवढ्या वेळेला देतोय. पुढच्या वर्षी आमच्याकडेही नसेल." म्हणजे पुढचं कोठार पडलं, तर गावात पेरणीच नाही.

पाटलीणबाई संतापल्या. तिघांना बोलावलं. "चूक कोणाची?"

"माझी रेघ बघा. पुरुषभर म्हणालात, पुरुषभर खणलं," खोदणारा म्हणाला.

"माझी भिंत ओळंब्यात होती. खालची जमीन सरकली, त्याला मी काय करू?" गवंडी म्हणाला.

"दार अजून लागतंय. भिंत नाहीये, पण दार लागतंय," सुतार म्हणाला.

बाई गोंधळल्या. "म्हणजे चूक कोणाचीच नाही?"

"नाही बाई," खोदणारा म्हणाला. "सगळं ठरल्याप्रमाणेच पडलं."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्याला दोष द्यावा असा माणूस नाही, आणि बी तर गेलं. शेवटी त्यांनी सगळ्या रेघा पायाने पुसल्या. मग एकच मोठं रिंगण आखलं, तिघांना आत घेतलं आणि स्वतःही ओट्यावरून उतरून आत उभ्या राहिल्या.

"कोठार टिकलं, तर येणाऱ्या पिकाचं पहिलं माप चौघांत वाटायचं," त्या म्हणाल्या. "पडलं, तर चौघांनी दारोदार बी मागत फिरायचं, आणि पुढे मी. दुसऱ्याच्या कामात खोट दिसली तर बोलायचं. जो दिसूनही गप्प बसेल, त्याने गावजेवण घालायचं."

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं सुरळीत. मलाही वाटलं होतं. पण जाऊबाई म्हणाली, "ताई, एवढ्या लवकर नाही होत." आणि खरंच, झालं उलटंच. सुतार गवंड्याला माती कशी मळायची ते शिकवायला लागला. गवंडी सुताराला म्हणाला, "तुझा रंधा बघू, धार गेलीय." खोदणाऱ्याचं तर तोंडच बंद होईना, इतक्या दिवसांची तुंबलेली बडबड होती ती. कुदळ मारायच्या आधी सगळे रोज बाईंच्या ओट्यावर बसून चहा पिऊन मतं मांडत. बाईंना वाटलं, रेघाच बऱ्या होत्या. खरं सांगू? मलाही लिहिताना तसंच वाटलं.

शेवटी खड्डा सुरू झाला, त्याच जागी. ती जागा बाईंनीच निवडली होती, कारण ओट्यावर बसल्या बसल्या तिथे नजर ठेवता येते. खोदणारा पुरुषभर खाली गेला. काळी माती. आणखी खाली गेला. काळीच. मग तो वर आला आणि चिखलाचे हात न धुताच म्हणाला, "बाई, खड्डा नाही चुकला. जागा चुकलीय."

"इथे मुरूम हाताला लागायचा नाही," तो म्हणाला. "मुरूम आहे तुमच्या गोठ्याखाली. गोठ्याचे खांब रोवले तेव्हा पहार आपटून माझा खांदा निखळला होता."

"मग मागच्या वेळी का नाही बोललास रे?"

"रेघ होती ना."

"आणि माझ्या तासलेल्या तुळयांचं काय?" सुतार ओरडला. "या जागेच्या मापाने कापल्यात. गोठा केवढासा! निम्मं लाकूड वाया जाईल!" तो पाय आपटत निघून गेला आणि त्या दिवशी परत आला नाही.

पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. गोठा त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला. त्यात त्यांची गाय.

"गोठ्याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "जागा मी ठरवली, ती ठरली. मालक मी आहे."

गवंडी हळूच म्हणाला, "मालक ओट्यावर असतो, बाई. तुम्ही रिंगणात उतरलात."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. हुकूम करून खोदणाऱ्याला गप्प बसवता आलं असतं, तो बसलाही असता. कोठारही उभं राहिलं असतं. पावसापर्यंत.

बाई उठल्या, गोठ्यात गेल्या, गाईचं दावं सोडलं आणि तिला बाहेर आणलं. "पाडा," म्हणाल्या. आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

गोठ्याखाली खरंच मुरूम लागला. दुसऱ्या दिवशी सुतारही आला, कोणाशी न बोलता तुळया कापायला बसला. कोठार झालं ते लहान आणि अरुंद. गावाचं सगळं बी त्यात मावलं नाही, काही घरीच ठेवावं लागलं. पण पाऊस आला, माती फुगली, आणि कोठाराला केसाएवढीही चीर गेली नाही. बी कोरडं निघालं आणि वेळेवर पेरलं गेलं.

म्हणजे रेघा वाईट, असं म्हणून मी मोकळी होणार होते. पण पुढे त्याच बाईंनी परसाचं कुंपण करून घेतलं ते रेघ मारूनच. का, तर कुंपणात जमिनीखाली काय निघेल याची कोणाला धास्ती नसते. इथे मी पुन्हा थोडी गोंधळले, पण कथा संपवायला हवी.

तात्पर्य: काम ज्याचं त्याला वाटून द्यावं, पण पडझड सगळ्यांनी वाटून घेतल्याशिवाय कोणी वेळेवर तोंड उघडत नाही, आणि त्या वाटणीत मालकानेही उभं राहावं.

लिहून झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने हे जाऊबाईला पाठवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि लगेच फोन केला.

"बरोबर आहे ना गं? सगळ्यांना विचारूनच झालं ना?" मी विचारलं.

"हो ताई," ती म्हणाली. "गाईची सही तेवढी राहिली."