पडवळाच्या शेंड्याचा दगड

भाज्या एकमेकींच्या घरात तोंड घालायच्या त्या काळातली गोष्ट. अनसूयाकाकूंच्या परसातल्या पडवळाच्या वेलीला पहिलं पडवळ लागलं. ते सरळ वाढावं म्हणून काकूंनी रीतीप्रमाणे त्याच्या शेंड्याला सुतळीने छोटा दगड बांधला.

वेलीच्या काळजाला घरं पडली. "बोटाएवढं माझं पोर, आणि त्याला हा धोंडा? मान मोडेल की." तिने खारीकडून सुतळी कुरतडून घेतली. दगड धप्पकन खाली पडला.

"मोठं झालं की होईल आपोआप सरळ," असं तिने शेजारच्या कारलीला ठणकावून सांगितलं.

पडवळ डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, कारलीच्या दोन पोरांना विळखा घालून आलं आणि शेवटी त्याने आईच्याच नाकात शेंडा घातला. वेल शिंकली की अख्खा मांडव हलायचा.

एके दिवशी काकू ते वेटोळं बघून म्हणाल्या, "या वेलीचं बी काही पुढच्या वर्षासाठी धरायला नको."

वेलीने खारीच्या हातापाया पडून तोच दगड वर आणवला आणि पोराच्या शेंड्याला घट्ट बांधून घेतला. पडवळ तसूभरही सरळ झालं नाही. उलट दगडासकट झुलत म्हणालं, "आई, अजून जोरात झोका दे ना."

कारली फिदीफिदी हसली. वेल दगडावरच उखडली. "कसला फुसका दगड हा. एवढंसं पोर सरळ करता येईना."

झोके खाता खाता दगड म्हणाला, "बाई, मी तोच आहे. तेव्हा तुम्हाला जड वाटलो होतो."