मागे राहिलेला पाणक्या

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि अख्ख्या गावाला एकच विहीर होती. विहीर खूप खोल, तीही कड्याच्या अगदी काठावर. मोट ओढणाऱ्या बैलांना मागेपुढे करायला तिथे जागाच नव्हती. म्हणून गावाने दोन पाणके पगारावर ठेवले होते. थोरला येसबा आणि धाकटा सिदू. दोघं मिळून दोर ओढायचे, मोट वर यायची, हौद भरायचा, मग घरोघरी चुली पेटायच्या.

नात्याने ते एकमेकांचे कोणी नव्हते. पण दोर कसा धरायचा हे सिदूला येसबानेच शिकवलं होतं, आणि सिदू त्याला दादा म्हणायचा.

एके दिवशी गावच्या कारभाऱ्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"खाली नदीकाठच्या शहरात एक म्हातारा सुतार आहे. तो रहाट बनवतो. एक बैल जागच्या जागी गोल फिरला, की गाडग्यांची माळ पाणी वर घेऊन येते. तुमच्यापैकी एकाने जाऊन दिवाळीपर्यंत ते काम शिकून यावं. भरपगारी रजा देतो. पगार दर महिन्याला घरी पोचेल."

अशी रजा त्या मुलखात आजवर कोणी कोणाला दिली नव्हती. सिदूचे डोळे चमकले, पण तो दादाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सिदूला पाठवा," येसबा म्हणाला. "लाकडावर त्याचा हात चांगला बसतो. माझं काही आता शिकायचं वय नाही."

"आणि दादाच्या जोडीला दोरावर कोण?" सिदूने विचारलं.

कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकाला कामावर नसताना पगार देतोय. आता तिसरा माणूस कुठून आणू?"

"ओढीन मी एकटा," येसबा हसून म्हणाला. "दिवाळीपर्यंतचा तर प्रश्न आहे. जा तू."

सिदूने मान डोलावली. त्याला जायचं होतं.

सुतार कडक होता, पण हातचं राखून शिकवणारा नव्हता. लाकूड कसं निवडायचं, चाकाला दाते कसे पाडायचे, ते एकमेकांत कसे बसवायचे, हे सगळं सिदू मन लावून शिकला. घरून निरोप यायचा, पगार वेळेवर मिळतोय. त्याच्या तळहातावरचे घट्टे हळूहळू मऊ पडले.

दिवाळी आली तसा सुतार म्हणाला, "रहाट तुला आला. आता खुशाल जा. किंवा असं कर, होळीपर्यंत थांब. तुला देव्हाऱ्याचं कोरीवकाम शिकवतो. असा शिष्य मला पुन्हा मिळायचा नाही."

सिदू घुटमळला. गावाला कोरीवकाम नको होतं, पाणी हवं होतं. पण आजवर त्याच्या हातांचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं.

त्याच सुमारास गावोगाव बांगड्या भरत फिरणारा कासार शहरात आला. तो डोंगरावरच्या गावातूनच आला होता. सिदूने त्याला गाठून विचारलं, "येसबादादा कसा आहे?"

"ठीक आहे म्हणाला. 'सिदूला सांग, घाई करू नको, सगळं शिकूनच ये.'" कासार जरा थांबला. "पण बोलताना धाप लागत होती रे त्याला. दोर कमरेला बांधून ओढत होता."

त्या दिवशी सिदूला जेवण गेलं नाही. सकाळी मात्र त्याने मनाची समजूत घातली. दादा स्वतःच घाई करू नको म्हणतोय. पगार चालू आहे, कारभाऱ्यांचीही काही हरकत दिसत नाही. मग कोणाचं काय बिघडतंय?

तो थांबला.

होळी झाल्यावर बैलगाडीत रहाटाची चाकं घालून तो गावात शिरला. विहिरीवर बायका दोर ओढत होत्या. येसबा कुठेच दिसेना. सिदू गाडी तिथेच सोडून त्याच्या घराकडे पळाला.

येसबा घोंगडीवर पडून होता. संक्रांतीच्या आधी तो दोरावरच कोसळला होता, तो उठलाच नव्हता.

"चाकं आणलीस?" त्याने विचारलं.

"आणली, दादा. दिवाळीतच आणता आली असती."

"घाई करू नको, असा निरोप मीच दिला होता," येसबा हळू आवाजात म्हणाला. "तरी रोज संध्याकाळी वाटेकडे बघायचो. वाटायचं, कासाराने माझी दशा पाहिली आहे, तो सांगेल. सिदूला कळेल. सिदू येईल."

सिदूने दादाचे पाय धरले.

दुसऱ्या दिवसापासून तो रहाट उभारायला लागला. खाणंपिणं विसरून खपला. पण रहाट बसायच्या आतच येसबा गेला.

रहाट फिरला त्या दिवशी सारा गाव लोटला होता. पाणी हौदात पडलं, पोरं नाचली. कारभारी हार घेऊन पुढे आले. सिदूने मान वाकवली नाही.

"रजा तुम्ही दिलीत, पगारही दिलात," तो म्हणाला. "पण माझ्या जागी माणूस दिला नाहीत. आणि दादा ठीक नाही हे कळूनही मी आलो नाही. हा हार आपल्यापैकी कोणाच्याच गळ्यात शोभायचा नाही."

कारभाऱ्यांचा हात खाली आला. त्यानंतरही गावातून माणसं नवं काम शिकायला गेली, तीही भरपगारी. पण त्यांच्या जागी आधी दुसरा माणूस उभा राहायचा, मगच त्यांनी उंबरठा ओलांडायचा.

सिदू रोज सकाळी येसबाच्या घरी पाणी भरायला जाई. वहिनी, म्हणजे येसबाची बायको, दार उघडत, घागरी पुढे करत. आयुष्यभर त्यांनी त्याला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण "बस जरा," असंही पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

तात्पर्य: एकजण शिकायला जातो, तेव्हा त्याच्या कामाचं ओझं मागे राहिलेला वाहत असतो. रजा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही आधी त्याच्याकडे पाहावं.